सर्किटचं पान कुणाकडे आहे?

लॅपटॉप बंद पडला तेव्हा जुलै होता आणि एक काम उद्यावर आलं होतं. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने दुसऱ्या दिवशी फोन केला: मदरबोर्ड गेलाय, बदलावा लागेल, २१,००० रुपये. पाच वर्षं वापरलेल्या लॅपटॉपवर २१,००० घालायचं म्हणजे म्हाताऱ्या बैलाला चांदीची घुंगरं. तो तसाच पिशवीत घातला आणि पुण्यात बुधवार पेठेत, तापकीर गल्लीजवळच्या एका माडीवरच्या दुकानात नेला.

तिथल्या काकांनी मॉडेल विचारलंच नाही. खालचं झाकण उघडलं, बॅटरीची पट्टी सोडवली, बोर्ड काढून उलटा केला आणि त्यावरची बारीक पांढरी अक्षरं भिंगातून वाचली. ‘एलए’, मग एक रेघ, मग आकडे. झाकणावर नाव कुठल्याही ब्रँडचं असो, आतला बोर्ड बऱ्याचदा तैवानच्या कॉम्पाल किंवा क्वांटासारख्या कंपनीने बनवलेला असतो. ‘एलए’ने सुरू होणारा नंबर कॉम्पालचा. काकांनी तो नंबर संगणकावर टाकला आणि पन्नासेक पानांची एक पीडीएफ उघडली. प्रत्येक पानाच्या तळाशी चौकटीत लिहिलेलं, हे रेखाचित्र कंपनीच्या मालकीचं आणि गोपनीय आहे.

मला नुसत्या रेघा दिसत होत्या. काका त्यातून बोट फिरवत गेले. “ताई, इथून १९ व्होल्ट आत येतात. हे दोन मॉस्फेट म्हणजे दोन दारं. या दारापाशी १९ आहेत, पलीकडे शून्य. म्हणजे पुढे कुठंतरी शॉर्ट आहे, म्हणून दार उघडत नाहीये.” मग त्यांनी पॉवर सप्लाय एका व्होल्टवर ठेवून त्या लाइनीत करंट सोडला आणि बोर्डावर ब्रशने आयपीए, म्हणजे झटकन उडून जाणारं अल्कोहोल, फिरवलं. सगळा बोर्ड ओला, आणि तिळाएवढ्या एका कपॅसिटरवरचा, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या बारक्या पार्टावरचा, ओलावा बघता बघता उडाला. जो तापतो तो शॉर्ट. तो काढला, तसाच दुसरा लावला, बटण दाबलं. पंखा फिरला. झाले १,८०० रुपये.

कपॅसिटर दीड-दोन रुपयांचा. पण १९ व्होल्ट कुठून कुठे जातात हे सांगणारं पान नसतं, तर बाराशे बारक्या पार्टांत तो एक शोधायचा कसा? मी विचारलं, ही पीडीएफ आली कुठून. “वर्गणी भरतो वर्षाची,” काका म्हणाले. “कंपनीला नाही, दुसऱ्याच कुणाला. कंपनी आपल्याला देत नाही.”

हा लेख त्या वर्गणीबद्दल आहे. वस्तू बनवणाऱ्या कंपनीकडेच जी माहिती तयार पडलेली असते, ती बाहेरच्या कारागिराला किती पैशांत मिळते, का मिळत नाही, आणि शेवटी ते पैसे कुणाच्या खिशातून जातात.

आधी सर्व्हिस मॅन्युअल म्हणजे काय ते बघू. खोक्यातून निघते ती वापरायची पुस्तिका. ती चौदा भाषांत ‘यंत्र पाण्यात बुडवू नका’ असं सांगते. सर्व्हिस मॅन्युअल वेगळं. ते दुरुस्ती करणाऱ्यासाठी लिहिलेलं असतं आणि साधारण तीन थरांत उलगडतं.

वरचा थर उघडण्याचा. कुठला स्क्रू आधी, कुठली पट्टी कुठून उचकटायची, कुठला पार्ट सुट्टा मिळतो आणि त्याचा नंबर काय.

मधला थर निदानाचा. वॉशिंग मशीनच्या पडद्यावर ‘ई’ आणि एक आकडा लुकलुकतो, त्याचा अर्थ कुठला सेन्सर. किंवा टीव्हीचा सर्व्हिस मेनू. सॅमसंगच्या बऱ्याच जुन्या टीव्हींत स्टँडबायमध्ये रिमोटवर ओळीने म्यूट, १, ८, २ आणि पॉवर दाबलं की एक लपलेला मेनू उघडतो. हे कारागिरांना तोंडपाठ असतं. घरी करून बघू नका; तिथे पॅनेलचा पर्याय चुकून बदललात तर चित्र उलटं होईल नाहीतर पडदाच काळा होईल, आणि परत यायचा रस्ता त्याच काळ्या पडद्यातून.

सगळ्यात आतला थर म्हणजे सर्किट डायग्राम, बोर्डावर कुठला पार्ट कुठे बसलाय त्याचा नकाशा, आणि कुठल्या टोकाला किती व्होल्ट मिळायला हवेत त्याचे आकडे. टीव्ही-ऑडिओच्या मॅन्युअलमध्ये इथेच काही पार्टांच्या शेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह असतं. त्याचा अर्थ, हा पार्ट सुरक्षेचा आहे, बदललात तर अगदी याच जातीचा लावा. समजा तिथे फ्यूजिबल रेझिस्टर आहे, म्हणजे जास्त करंट आला की स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा. त्या जागी कुणी साधा रेझिस्टर लावला तर टीव्ही मजेत चालतो. पुढे कधीतरी करंट वाढला की मात्र तोडणारं कुणी नसतं आणि आग बोर्डाला लागते.

कंपन्या मॅन्युअल न देण्याचं एक कारण नेहमी सुरक्षेचं सांगतात, म्हणून हा त्रिकोण लक्षात ठेवा. मायक्रोवेव्हचं उदाहरण घ्या. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, आणि तो आधी उतरवा हे सर्व्हिस मॅन्युअलच्या सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. मॅन्युअल कुलपात ठेवल्याने नाक्यावरचा पोरगा मायक्रोवेव्ह उघडायचा थांबत नाही. तो ते पान न वाचता उघडतो, एवढाच फरक.

ही माहिती कायम अशी कुलपात नव्हती. जुन्या व्हॉल्व्ह रेडिओची मागची पाठ उघडली की पुष्कळदा आतच सर्किटचा कागद चिकटवलेला मिळे. १९७८ साली ॲपलने ॲपल-टू संगणकासाठी जे संदर्भपुस्तक काढलं त्यात पूर्ण सर्किट छापलेलं होतं. १९८१ च्या आयबीएम पीसीच्या टेक्निकल रेफरन्समध्ये तर सर्किटच्या जोडीला बायॉसचा, म्हणजे संगणक सुरू करून देणारा, प्रोग्रामही ओळीनओळ होता. टेक्ट्रॉनिक्स आणि एचपी या कंपन्यांच्या ऑसिलोस्कोपबरोबर, म्हणजे विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राबरोबर, येणारी जाडजूड मॅन्युअल्स वाचून कित्येकजण इलेक्ट्रॉनिक्स शिकले. एचपीचा तो धंदा आज कीसाइट नावाने चालतो, आणि त्यांच्या संकेतस्थळावर जुन्या उपकरणांची पुष्कळ मॅन्युअल्स आजही फुकट उतरवून घेता येतात.

त्या काळातही मॅन्युअल विकण्याचा धंदा होताच, आणि तो मला प्रामाणिक वाटतो. अमेरिकेत १९३० च्या दशकात जॉन रायडर रेडिओच्या सर्किटांचे जाडे खंड छापत असे. १९४६ मध्ये इंडियानापोलिसच्या हॉवर्ड सॅम्सने ‘फोटोफॅक्ट’ सुरू केलं. त्यांची पद्धत अशी: बाजारातून रेडिओ किंवा टीव्ही आणायचा, प्रयोगशाळेत तो उकलायचा, फोटो काढायचे, प्रत्येक ठिकाणचे व्होल्ट मोजायचे, सर्किट एकाच ठरावीक पद्धतीने नव्याने काढायचं आणि ते पाकिटात घालून कारागिरांना विकायचं. इथे घेतलेले पैसे कशाचे हे दिसतं. कुणीतरी बसून मेहनत केली, त्याची मजुरी.

आज कंपनी एखाद्या मॅन्युअलचे पैसे मागते तेव्हा ते कशाचे? लिहिण्याचे म्हणता येत नाहीत, कारण स्वतःच्या सर्व्हिस सेंटरसाठी ते लिहावंच लागतं; नवं मॉडेल बाजारात उतरायच्या आधी तयार असतं. छपाईचेही नाहीत, पीडीएफला कागद लागत नाही. हे पैसे दारावरचे आहेत. आत कोण येणार ते ठरवण्याचे. आणि बऱ्याच कंपन्या तर ठरवतात की बाहेरच्याने यायचंच नाही, मग किंमतीचा प्रश्नच मिटला: लॉगिन फक्त अधिकृत केंद्राला, तेही करारावर सही करून.

यातला हिशेब समजला की बरंच काही समजतं. उदाहरणापुरते आकडे घेते. समजा एका मॉडेलचं मॅन्युअल १,५०० रुपयांना मिळतं आणि दुरुस्तीची मजुरी ६०० आहे. अधिकृत केंद्रात त्या एकाच मॉडेलचे वर्षाला तीनशे नग येतात. तिथे मॅन्युअलचा खर्च नगामागे ५ रुपये पडतो. आता सातारा-सांगलीकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावात एकट्याने चालवलेलं दुकान घ्या. त्याच्याकडे महिन्याला चाळीस नग येतात, आणि चाळीसही वेगवेगळे. हे मॉडेल वर्षात एकदाच दिसतं. ६०० रुपये मिळवायला त्याने १,५०० घालायचे का? तो घालत नाही. तो अंदाजाने आयसी, म्हणजे चिप, बदलतो, लागला तर लागला. नाहीतर “बोर्ड डेड आहे” म्हणून परत देतो. किंमत दोघांना एकच लावली, पण एकाला ती चहापाण्याइतकी आणि दुसऱ्याला दुकान बंद करायला लावणारी.

ही गोष्ट युरोपच्या नियम लिहिणाऱ्यांनी बरोबर पकडली आहे. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात टीव्हीचे पडदे, वॉशिंग मशीन, फ्रिज अशा वस्तूंच्या उत्पादकांना नोंदणीकृत व्यावसायिक कारागिरांना दुरुस्तीची माहिती द्यावी लागते: सुटे भाग कसे बसतात त्याचं चित्र, वायरिंग, एरर कोड, मोजमापांच्या किमान-कमाल मर्यादा. कंपनी शुल्क घेऊ शकते, पण ते वाजवी हवं. आणि वाजवी म्हणजे काय याची व्याख्याच नियमात आहे: कारागीर ती माहिती किती वापरतो हे न बघता लावलेलं आणि त्यामुळे त्याला मागे फिरवणारं शुल्क वाजवी धरलं जात नाही. तालुक्याच्या दुकानाचा हिशेब सरकारी भाषेत उतरवला तर असाच दिसेल. त्यातही मेख आहे. ही माहिती त्या मॉडेलचा पहिला नग बाजारात आल्यानंतर दोन वर्षांनी मागता येते, म्हणजे बहुतेक वॉरंटीचा काळ कंपनीचाच.

अमेरिकेत न्यू यॉर्क राज्याने सरळ मार्ग घेतला. तिथला डिजिटल फेअर रिपेअर कायदा डिसेंबर २०२३ च्या अखेरीस लागू झाला. त्यात दुरुस्तीची कागदपत्रं फुकट द्यायची आहेत. छापील प्रत हवी असेल तर छपाई आणि टपालाचा खरा खर्च तेवढा घ्यायचा. मात्र हे १ जुलै २०२३ पासून पुढे बनलेल्या वस्तूंना लागू. घरात आधीपासून असलेल्याला उपयोग नाही. कॅलिफोर्नियाचा कायदा जुलै २०२४ पासून चालू झाला. १०० डॉलर आणि त्यावरच्या किमतीच्या वस्तूसाठी मॉडेल बनणं थांबल्यापासून सात वर्षं पार्ट, साधनं आणि माहिती द्यायची, ५० ते १०० डॉलरमधल्या वस्तूला तीन वर्षं.

आपल्याकडे? ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. तक्रार हीच होती: सुटे भाग, निदानाची यंत्रं आणि तांत्रिक मॅन्युअल बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाईक कंपनीच्या वर्कशॉपला बांधलेलं राहतं. कंपन्यांनी बौद्धिक संपदेचा बचाव मांडला. आयोगाने तो मानला नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं ते वेगळं, पण ‘मॅन्युअल अडवून ठेवणं म्हणजे बाजार अडवणं’ हा मुद्दा आपल्याकडे तेव्हाच, आणि आपल्याच कायद्याखाली मांडला गेला. फोन-टीव्हीच्या बाबतीत मात्र आपण अजून विनंतीच्या पायरीवर आहोत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं अशी चार क्षेत्रं निवडली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक पोर्टल सुरू केलं. कंपनीने सर्किटचं पान दिलंच पाहिजे, असा कायदा मात्र झालेला नाही.

मग काका गुन्हा करतात का? हे जरा सुटं करून बघावं लागेल. १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात रेखाचित्राची जी व्याख्या आहे त्यात आकृती आणि नकाशाही येतात. म्हणजे सर्किट डायग्राम हे कायद्याच्या नजरेत ‘कलाकृती’ आहे. हसू येईल, पण तसंच आहे. त्यामुळे ती पीडीएफ परवानगीशिवाय वाटणं-विकणं अडचणीचं. पण ‘या टोकाला १९ व्होल्ट असतात’ ही वस्तुस्थिती कुणाच्या मालकीची नाही. मीटर लावून मी ती मोजली आणि माझ्या वहीत लिहिली तर ती वही माझी. चित्र बांधलेलं, माहिती मोकळी.

आणि बांधलेलं किती दिवस? लेखकाचं नाव नसलेल्या कृतीला प्रकाशनानंतरची ६० वर्षं. १९८५ च्या एखाद्या टीव्हीचं तसं मॅन्युअल २०४५ सालच्या अखेरीपर्यंत मोकळं होणार नाही. तो टीव्ही केव्हाच भंगारवाल्याने पितळेच्या पातेल्यांच्या शेजारी तोलून नेला, पण त्याचा कागद अजून राखणीत आहे.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका हौशी दुरुस्तीवाल्याला हा फटका बसला. त्याने वेगवेगळ्या कंपन्यांच्या लॅपटॉपची सर्व्हिस मॅन्युअल्स गोळा करून फुकट मांडून ठेवली होती. तोशिबाच्या वकिलांनी कॉपीराइटचं पत्र पाठवलं आणि त्याला तोशिबाची सगळी मॅन्युअल्स उतरवावी लागली. तोशिबा ती मॅन्युअल्स बाहेरच्यांना विकत असती तर बुडालेली विक्री तरी दाखवता आली असती.

दुसरं उदाहरण याहून जड. कोरोनाच्या काळात, मे २०२० मध्ये, आयफिक्सिट या अमेरिकन कंपनीने व्हेंटिलेटर, भूल देण्याची यंत्रं, निर्जंतुकीकरणाची यंत्रं अशा रुग्णालयातल्या उपकरणांची तेरा हजारांहून जास्त कागदपत्रं एकत्र करून सगळ्यांसाठी खुली केली. रुग्णालयांचे तंत्रज्ञ आपापल्या संगणकावर वर्षानुवर्षं साठवून, एकमेकांना हळूच पाठवून काम चालवत होते ते साठे. त्यावरही एका उत्पादकाचं, स्टेरिसचं, काढून टाकण्याचं पत्र आलंच. ही आयफिक्सिट २००३ साली जन्मली तीही अशाच एका कारणाने: दोन विद्यार्थ्यांना ॲपलचा आयबुक उघडायचा होता आणि मॅन्युअल कुठे मिळेना.

आता एक सावधगिरीची गोष्ट. अलीकडे ‘आमची मॅन्युअल्स फुकट आहेत’ असं कंपन्या सांगतात, आणि ते खोटं नसतं. डेल आणि लेनोव्हो कितीतरी वर्षांपासून सर्व्हिस मॅन्युअल सगळ्यांना देत आलेत. ॲपलनेही २०२२ पासून आयफोनची दुरुस्तीची मॅन्युअल्स खुली केली. चांगलंच आहे, बॅटरी, पडदा, कीबोर्ड बदलायला ती उत्तम. पण उघडून बघा, ती वरच्या दोन थरांवर थांबतात. त्यांच्या दृष्टीने मदरबोर्ड हा एक पार्ट आहे, एका डब्यासारखा. बिघडला की अख्खा बदला. माझा दोन रुपयांचा कपॅसिटर त्या मॅन्युअलमध्ये नाहीच. सर्व्हिस सेंटरने मला २१,००० सांगितले ते लुटायला असं मला वाटत नाही. त्यांच्या हातातल्या पुस्तकात त्याच्या पुढचं पानच नव्हतं. म्हणून कुणी मॅन्युअल फुकट दिलं की मी आधी बघते ते किती आत जातं; किंमत त्यानंतर.

जिथे कंपनीचं पुस्तक थांबतं तिथून एक दुसरा बाजार सुरू होतो. मोबाइलवाल्यांकडे बोर्डाचे नकाशे दाखवणारी सॉफ्टवेअर असतात; एका टोकावर क्लिक केलं की ते टोक बोर्डावर अजून कुठेकुठे जोडलंय ते सगळे ठिपके उजळतात. कुणी त्यासाठी यूएसबीला लावायचा डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली, विकतं, कुणी वर्षाची वर्गणी घेतं. यातली बरीच माहिती कारखान्यांतून पाझरलेली, बाकीची बोर्ड घासून-मोजून कुणीतरी तयार केलेली. भरलेल्या पैशांतला एक छदामही मूळ कंपनीला जात नाही. कारागिराला पावतीही नाही आणि हमीही नाही. बोर्डाची आवृत्ती बदललेली असते, फाइल जुन्या आवृत्तीची निघते, आणि दोन तास भलत्याच रेघेमागे जातात. फुकटच्या संकेतस्थळांवर पैसे लागत नाहीत, पण दहा जाहिराती बंद करून ‘डाउनलोड’चं खरं बटण कुठलं ते शोधावं लागतं, आणि शेवटी हाती वापरायची पुस्तिका लागते. ते दोन तास आणि ती वर्गणी माझ्या १,८०० रुपयांत कुठेतरी आहे. गिऱ्हाईक मॅन्युअल कधी विकत घेत नाही, तरी त्याचे पैसे तेच भरतं.

लॅपटॉप घ्यायला गेले तेव्हा काका एका फोनचा चांगला, चालू बोर्ड मोजत बसले होते. मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल पिन ग्राउंडला, काळी एकेका टोकाला, आणि प्रत्येक आकडा डाव्या हाताशी असलेल्या लांबोळक्या हिशेबाच्या वहीत. चांगल्या बोर्डाची रीडिंग लिहून ठेवली की तसाच पण मेलेला बोर्ड येतो तेव्हा ताडून बघता येतं. आकडा कमी आला की ती लाइन शॉर्ट, काहीच आला नाही की तुटलेली. अशा सात वह्या फळीवर होत्या, पाठीवर स्केचपेनने कंपन्यांची नावं. वीस वर्षांचं काम.

मी म्हटलं, काका, याचे फोटो काढून ठेवते ना, किती जणांना उपयोग होईल.

त्यांनी वही मिटून गल्ल्यात ठेवली आणि हसले. “लॅपटॉप घेऊन जा ताई. ही नाही मिळायची.”